मागच्या जिन्यातलं सोयाबीन

सेनगाव,
दसऱ्यानंतरचा रविवार

श्री. विश्वजीतराव जावईबापू यांस सासरे सूर्यकांत यांचा सप्रेम नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, मोठ्या मनाने माफी असावी. दसऱ्याच्या दिवशी माझ्या डोळ्यांत, नाकात आणि चष्म्याच्या घडीत पांढरी भुकटी गेली, ती निघेपर्यंत अक्षर दिसत नव्हतं (हकीकत पुढे येते). आपली प्रकृती ठीक असावी. आमच्या जान्हवीला सकाळचं कानाला बांधायला सांगावे, हवा बदलली आहे. इकडे सर्व खुशाल. मला तेवढी झोप लागत नाही, पण ती पूर्वीही लागत नव्हती. फोनच केला असता, पण मी फोनवर बोललो की पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं, आणि हा मजकूर घरात कळू द्यायचा नाही.

सोयरीक जमली तेव्हाच आपण आमच्या घराचा नकाशा काढून दिलात, आणि वरच्या मजल्यावर गावातल्या पोरींची अभ्यासिका होणार म्हणून मागून दुसरा जिना पाहिजेच असं बजावलंत. नियम आहे, आग लागली तर एका वाटेने सगळ्यांना निघता येत नाही, म्हणालात. मला पटलं. (तेव्हापासून देवापुढची उदबत्ती विझेपर्यंत मी तिच्याजवळ बसून राहतो.) पण आमच्या गल्लीत एका घराला दोन जिने म्हणजे वाटणी, हे आपल्या नियमांच्या पुस्तकात नसावं. पिंटू माझा एकुलता एक मुलगा. त्यामुळे बाप-लेकाचं फाटलं असं सगळ्यांनी धरलं. शेजारचे बाबूसिंग समजूत घालायला आले. "दादा, पोरगं हाय, चुकतंय. पण येवढ्यात वायलं काहून निघून राहिले?" मी आगीचं सांगितलं. त्यावर म्हणाले, "व्हय व्हय, कुठंतरी ठिणगी पडल्याबिगर कोणी वायला जिना बांधत न्हाई." चहा पिऊन, पिंटूला चार शब्द सुनावून गेले.

आता दसऱ्याचं. आपण धाडलेली आग विझवायची लाल टाकी दारापाशी होती. ट्रॅक्टर, विळे, मोटार यांची पूजा झाली, तशी आपल्या सासूबाई गंगूताईंनी (त्यांचा उत्साह आपण जाणताच) टाकीलाही हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि पुढ्यात निरांजन पेटवून ठेवलं. आगीच्या टाकीपुढे आग, मला राहवेना. मी निरांजन सरकवायला वाकलो, हारात हात गुंतला, हाराचा दोरा टाकीच्या पिनीत अडकला होता, ती पिन निघाली आणि घाबरून मी दांडा घट्ट धरला. देव, विळे, आपट्याची पानं आणि मी एका रंगाचे झालो. निरांजन विझलं. म्हणजे टाकी चांगली आहे, हे आपणास कळवतो.

खरी काळजी वेगळीच आहे. अभ्यासिकेसाठी सूनबाई शिलाने फार खटाटोप केला. येत्या गुरुवारी सरकारी साहेब जिन्यांच्या पाहणीला येणार. त्यांनी दाखला दिला तर ती उघडेल, नाहीतर पोरी पुन्हा बसस्टँडच्या बाकावर पुस्तकं उघडून बसतील. आणि मागच्या जिन्यात सोयाबीनची पोती आहेत. माझीच आहेत. भाव उतरलेला, तो चढेपर्यंत माल ठेवायचा कुठे? जिना कोरडा, वारा खेळता, पायरीवर पोतं कसं बसवल्यासारखं बसतं. परवा शिलाने सराव घेतला. आग लागली असं समजा म्हणाली आणि मला वरून मागच्या जिन्याने उतरायला लावलं. मी दोन पोत्यांच्या मधे कमरेपर्यंत गेलो आणि तिथेच राहिलो. पिंटूने वरून ओढलं, बाबूसिंगांनी खालून. (ते विचारत होते, "वाटणीत बाप कोणाकडं गेला म्हनायचा?") बाकी सगळे हसले, शिला हसली नाही. एवढंच म्हणाली, "मामंजी, आज तुमी एकले अडकलात. वर पोरी असल्यावर आधी कोणाला ओढायचं?"

म्हणून विनंती, आपण हुशार आहात, नकाशात तिसरा जिना बसतो का ते पाहावे. दोन पोरींसाठी, एक सोयाबीनसाठी.

आपला,
सूर्यकांत

ता. क. तिसऱ्या जिन्याचं मनातून काढून टाकावे. पाकिटाला डिंक लावेपर्यंत शिलाने हमाल बोलावून जिना रिकामा केला, झाडूनही घेतला. मी स्वतः मागून वर गेलो, पुढून खाली आलो, पुन्हा गेलो. चांगला जिना आहे. साहेबांना खुशाल येऊ द्या.

आणखी ता. क. पोती कुठेतरी ठेवावीच लागली. दिवाळसणाला आपण दोघे येणार म्हणून रंग देऊन ठेवलेली खोली आता छतापर्यंत भरली आहे. पहिल्या दिवाळीला जावयाला येऊ नका म्हणणं रीतीत बसत नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. पण मालाने भरलेल्या खोलीत माणसांनी झोपू नये, असा काही नियम आपल्याकडे आहे का? असल्यास तो जान्हवीला आपणच समजावून सांगावा, माझं नाव घेऊ नये. आणि दिवाळसण भाव चढल्यावर, संक्रांतीच्या सुमारास, चालेल का तेही कळवावे. सासूबाईंनी अनारशासाठी तांदूळ भिजत घातले आहेत, तेव्हा उत्तर जरा लवकर धाडावे.