दोन पाण्यांचे पाते

ड्रेसर रिपीटिंग आर्म्स कंपनीने गेल्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या गौरवपुस्तिकेच्या अकराव्या पानावर असे छापले आहे की, "रविवार, दिनांक १४ जानेवारी १८६७ रोजी श्री. लूथर क्रॅनडल हे शेकोटीपाशी बायबल वाचत बसले असता त्यांना बाजूने काडतुसे भरावयाच्या झडपेची कल्पना स्फुरली." त्या वर्षी १४ जानेवारीस सोमवार होता. लूथर क्रॅनडल यांच्या घरातील बायबलाची पाने त्यांच्या निधनानंतरही एकमेकांना चिकटलेली होती, हे लिलावात ते विकत घेणाऱ्याने मला स्वतः दाखवले आहे. शेकोटीपाशी त्यांना झोपेखेरीज काही आल्याचे त्यांच्या पत्नीच्याही ऐकिवात नव्हते. आणि ती झडप त्यांची नव्हती. एका वाक्यात चार असत्ये बसवण्याचे हे कौशल्य पुस्तिकेचे लेखक व लूथर यांचे पुतणे श्री. एडगर क्रॅनडल यांचे आहे. त्यांच्या काकांच्या हातून इतके काटेकोर काम कधी झाले नाही.

ही दुरुस्ती मी मृत्युपत्रात करीत आहे, याचे कारण सांगतो. कंपनीला मी तीन पत्रे लिहिली. पहिल्याला उत्तर आले नाही, दुसऱ्याला नाताळच्या शुभेच्छांचे छापील कार्ड आले आणि तिसऱ्याला एडगर स्वतः येऊन माझ्या पाठीवर थाप मारून गेले. मृत्युपत्र मात्र प्रोबेट न्यायालयाच्या वहीत अक्षरशः उतरवून घ्यावे लागते आणि ती वही मागेल त्याला दाखवावी लागते. कनेटिकट राज्यात सामान्य माणसाचे लेखन कोणाच्याही मेहेरबानीवाचून टिकण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

सबब मी, अल्वा थॅडियस पेनिमन, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार मिल स्ट्रीट, वेस्ट फॅरिंग्डन, वर उल्लेखिलेल्या कंपनीच्या अवजारखान्याचा निवृत्त मुख्य कारागीर, हे माझे अखेरचे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. ज्यास शंका असेल त्याने या लेखात एक तरी सदोष वाक्य काढून दाखवावे. हृदयाविषयी तितकीच खात्री देता येत नाही. डॉ. फेल्प्स यांनी ते तपासून मला आवडेल ते खाण्याची परवानगी दिली, त्यावरून काय ते समजलो.

कलम पहिले. माझी अंत्ययात्रा साधी असावी. कंपनीच्या वाद्यवृंदास बोलावू नये. तो कंपनीचे मालक कर्नल ड्रेसर यांच्या अंत्ययात्रेत वाजला होता आणि कर्नलसाहेबांचे आम्ही कितीही सोसले असले तरी तेवढी शिक्षा त्यांना नको होती.

कलम दुसरे. माझा भाचा वॉरन, जो सायकली विकतो, त्यास माझे खिशातील घड्याळ द्यावे. ते बरोबर वेळ दाखवते. त्याच्या घरात अशी ती पहिलीच वस्तू ठरेल.

कलम तिसरे. कानशी, मापे आणि मी स्वतः घडवलेली चौसष्ट गेजे, म्हणजे तुकड्यांचे माप पडताळण्याचे नमुने, गुस्ताव लिंडक्विस्ट यास द्यावीत. कंपनीत हात धुतल्यावाचून गेजला स्पर्श न करणारा तो एकटाच उरला आहे. अवजारखान्याच्या सध्याच्या प्रमुखाने त्यांतील एकही उसने मागितल्यास देऊ नये. त्याने माझे एक गेज अक्रोड फोडण्यासाठी वापरले होते. तो विसरला असेल, मी विसरलेलो नाही.

कलम चौथे. शब्दकोश मिस हॅरिएट लूमिस यांच्या शाळेस द्यावा. समासांतील टिपा माझ्या आहेत. त्या कोशकाराच्या चुकांविषयी असून खोडू नयेत.

कलम पाचवे लांब आहे. ज्यांना वाटणीपुरतेच स्वारस्य आहे, त्यांनी वॉरनचे घड्याळ आताच घेऊन जावे.

यादवी युद्धाच्या अखेरीस आमच्या रायफलीची स्थिती अशी होती. तरफ खाली ओढून वर केली की नवे काडतूस नळीमागे येई. याबद्दल तिचे कौतुक होई आणि ते रास्त होते. पण काडतुसे साठवण्याची नळी बंदुकीच्या नळीखाली असून तिला खालच्या अंगाने टोकापर्यंत उघडी चीर होती. त्या चिरेतून चिखल, बर्फ, घोड्याचे केस, सर्व काही आत जाई. शिवाय भरताना शिपायाने बंदूक उभी धरायची, आतली स्प्रिंग टोकाशी ओढायची, तोंड वळवायचे आणि काडतुसे वरून एकेक सोडायची. तोवर समोरच्या शत्रूने काय करावे, याचा विचार आमच्या आरेखनखान्यात कोणी केला नव्हता.

लूथर क्रॅनडल यांनी यावर उपाय म्हणून चौकटीच्या बाजूस एक बिजागरीचे दार बसवले आणि ते मिटवण्यास वेगळी स्प्रिंग लावली. कर्नलसाहेबांसमोर चाचणी झाली. तिसऱ्या काडतुसाला स्प्रिंग तुटली आणि चौथे काडतूस परत बाहेर येऊन कर्नलसाहेबांच्या बुटावर पडले. ते एवढेच म्हणाले, "क्रॅनडल, हिला भूक नाही वाटतं."

क्रॅनडल यांच्याच खोलीत टिमथी गॅफनी हा भट्टीवर होता. पोलादाला पाणी देणे हे त्याचे काम. जन्माने आयरिश, युद्धात त्याने आमचीच रायफल वापरली होती आणि चिखल भरलेली चीर सुईने कोरत असताना डाव्या कानाचा तुकडा गमावला होता. आमच्या मंडळींत आयरिश माणसाला नावाने हाक मारण्याची पद्धत नव्हती. त्याला 'भट्टी' म्हणत. मला तो 'मास्तर' म्हणे, कारण सूचनाफलकावरील चुका मी खडूने दुरुस्त करीत असे.

दिनांक ७ मार्च १८६७ रोजी जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी आला आणि बोटभर लांबीचे एक पाते पुढे ठेवून म्हणाला, "मास्तर, हे दाबून बघा."

मी दाबले. ते आत गेले आणि सोडताच जागेवर आले.

"बिजागरी कुठे आहे?" मी विचारले.

"कशाला हवी? आमच्या चर्चच्या दानपेटीला झडप आहे ना, तशी. नाणं आत जातं, पण पाद्रीसुद्धा ते बाहेर काढू शकत नाही."

"आणि स्प्रिंग?"

"तीच झडप, तीच स्प्रिंग. शेपटाला एक पाणी दिलंय, लवचीक. ओठाला दुसरं, कडक. एका पात्याला दोन पाणी. क्रॅनडलसाहेबांना दोन वस्तू लागल्या, कारण त्यांना पोलाद म्हणजे नुसतं पोलाद वाटतं."

मी त्यास सांगितले की काडतुसाच्या टोकाने ढकलताना ओठ एका केसाने अडतो. तो म्हणाला, "मग तो केस कापा ना मास्तर, तुम्ही दुसरं काय करता दिवसभर?" मी कानस घेतली. या शोधात माझा वाटा तो एक केस. त्याहून अधिक मी कधीही सांगितलेले नाही आणि इतरांनी सांगू नये.

त्या पात्याने एका दिवसात चारशे काडतुसे गिळली. नळीची चीर बुजवता आली. चीर बुजली म्हणून नळीखाली लाकडी दस्ता बसवता आला आणि शिपायाचा डावा हात भाजणे थांबले. पुढे कंपनीचे जे काही नाव झाले ते या बोटभर पात्यावर झाले.

आता आमच्याकडील रिवाज सांगणे आवश्यक आहे. कारखान्यातील प्रत्येक खोली ठेक्याने दिलेली असे आणि खोलीत जे घडेल ते ठेकेदाराचे मानले जाई. गॅफनीच्या खोलीचे ठेकेदार क्रॅनडल होते. पेटंटाचा कायदा मात्र हा रिवाज मानीत नाही. तेथे अर्जदारास शपथ घ्यावी लागते की मूळ व प्रथम शोधक आपणच आहोत. क्रॅनडल यांना शपथेची अडचण नव्हती. त्यांची अडचण अशी होती की त्यांना सलग दोन वाक्ये लिहिता येत नव्हती.

ते माझ्याकडे आले. "अल्वा, तुझ्यासारखं लिहिणारा या गावात दुसरा नाही. तेवढं वर्णन तू लिहून दे."

"गॅफनीचे नाव कोठे घालू?"

"भट्टीचं? अरे, वॉशिंग्टनवाले हसतील आपल्याला. आणि हे बघ, अवजारखान्याच्या प्रमुखाची जागा रिकामी होतेय. कर्नलसाहेब मला विचारणार आहेत."

मी लिहिले. 'माझ्या शोधाचे स्वरूप असे आहे की' येथपासून अखेरपर्यंत, सात पाने. वकिलाने त्यातील एकही शब्द बदलला नाही, याचा मला त्या वेळी अभिमान वाटला, हे येथे नोंदवतो. दिनांक १८ मे १८६७ रोजी लूथर क्रॅनडल यांनी खोटी शपथ घेतली आणि तिच्याखाली साक्षीदार म्हणून जी दोन नावे आहेत, त्यांतील पहिले माझे आहे. पुढल्या सोमवारी मला ती जागा मिळाली. मी ती चोवीस वर्षे सांभाळली. या मृत्युपत्रात मी पुष्कळांविषयी तुच्छतेने लिहिले आहे. वाचकाने त्या यादीत माझे नाव राहून गेले असे समजू नये.

पेटंट मिळाल्यावर गॅफनीने क्रॅनडल यांना सर्वांसमोर विचारले, "साहेब, माझं नाव दुसरं येणार म्हणाला होतात ना? मला तर तिसरंही दिसत नाही." सहाव्या दिवशी त्यास काढून टाकण्यात आले. पुस्तिकेत मात्र छापले आहे की, 'गॅफनी नावाचा एक भट्टीवाला मद्यपानामुळे जून १८६६ मध्येच बडतर्फ झाला होता.' म्हणजे झडपेपूर्वी नऊ महिने. गॅफनीने चर्चमध्ये दारू सोडल्याची शपथ घेतली होती आणि तिचे पदक तो गळ्यात घालीत असे. तो फक्त चहा पीत असे. तो चहा कातडे कमावण्यास चालला असता, हा एकच आरोप मला मान्य आहे.

क्रॅनडल यांची चूक मला ठाऊक आहे. आमच्याकडे कारागीर प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर आपली खूण आणि महिना ठोकीत असे, तुकडा खराब निघाल्यास कोणाच्या डोक्यावर फोडायचा ते कळावे म्हणून. क्रॅनडल यांनी जन्मात कोणत्याही तुकड्याची पाठ पाहिली नाही. झडपेच्या दोन प्रतिकृती केल्या होत्या. एक वॉशिंग्टनच्या पेटंट कचेरीत गेली आणि तेथील आगीत वितळली. दुसरी क्रॅनडल यांच्या टेबलावर कागद दाबण्यासाठी वीस वर्षे पडून होती आणि ते निवृत्त झाल्यावर मोडीच्या पेटीत फेकली गेली. तेथून ती मी उचलली. दोन स्क्रू काढून पाते उलटे करावे. पाठीवर टी. जी. ही अक्षरे असून खाली तिसरा महिना व सदुसष्ट साल ठोकलेले आहे. दोष कोणाचा ते कळावे म्हणून मारलेला तो ठसा आहे. त्याने आपले काम केले.

कलम सहावे. सदर प्रतिकृती माझ्या मृत्यूनंतर टिमथी गॅफनी याची कन्या मिस नोरा गॅफनी, शिवणकाम करणारी, हिला द्यावी. राहते घरही तिलाच द्यावे.

कलम सहावे येथवर लिहून झाल्यावर, म्हणजे काल दुपारी, मी मिस गॅफनी हिला बोलावून त्यातील मजकूर सांगितला. पुस्तिका निघाल्यापासून गावातील दोन कुटुंबांनी 'दारुड्याच्या मुलीकडे' कपडे टाकणे बंद केले आहे. ती टोपीही न काढता उभी राहिली.

"घर कशाला देताय?" ती म्हणाली.

"ते मला त्या जागेमुळे मिळाले. ती जागा—"

"माहीत आहे मला. बाबांनी सांगितलं होतं, सही कोणाची आहे ते. शेवटच्या आजारात सांगितलं. म्हणाले, मास्तर वाईट नाही, फक्त त्याला कोणी शाबासकी दिली की त्याला पुढचं दिसत नाही."

मी कलम पाचवे तिच्यापुढे सरकवले.

"आणि हे सगळं लोक तुम्ही गेल्यावर वाचणार?" तिने विचारले. "म्हणजे माझ्या बाबांची दारू उतरायला तुम्ही मरायची वाट बघायची मी? डॉक्टर काय म्हणतात, किती दिवस लागतील?"

"मिस गॅफनी, मृत्युपत्राचा कायदाच तसा आहे."

"घर नको मला, मिस्टर पेनिमन. तुमच्या घरात मला झोप लागणार नाही. नाव द्या. तेही जिवंतपणी द्या, म्हणजे लोक तुम्हाला विचारू शकतील, आणि तुम्हाला उत्तर द्यावं लागेल."

कलम सातवे, वरील कलम सहावे संपूर्णतः रद्द करून. घर विकावे. त्यातून टिमथी गॅफनीच्या कबरीवर, जी आज केवळ एका लाकडी फळीने ओळखता येते, ग्रॅनाइटचा दगड बसवावा. त्यावर नाव, तारखा आणि 'झडप याची' एवढेच कोरावे. उरेल ते गावच्या वाचनालयास द्यावे, या अटीवर की कंपनीची पुस्तिका तेथे ठेवल्यास तिच्या पुठ्ठ्यात या मृत्युपत्राची नक्कल शिवलेली असावी. शिवण मिस गॅफनी हिच्याकडून करून घ्यावी आणि तिचा दर विचारूनच द्यावा.

येत्या ३० मे रोजी कंपनीच्या दाराशी लूथर क्रॅनडल यांच्या नावाचा ब्राँझचा फलक बसवण्यात येणार आहे. त्या दिवशी मी चालू शकत असल्यास फलकासमोर उभा राहून कलम पाचवे मोठ्याने वाचीन. चालू शकत नसल्यास खुर्चीत बसवून न्यावे. जिवंत नसल्यास मिस लूमिस यांनी वाचावे, कारण त्यांचे उच्चार स्पष्ट आहेत. त्या वेळी वाद्यवृंद सुरू झाल्यास तो थकेपर्यंत थांबावे आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचावे.

या मृत्युपत्रावर मी तीन साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या व एकमेकांच्या देखत सह्या केल्या. तिघांपैकी कोणासही यातून काही मिळत नाही. शब्दकोश शाळेचा आहे, मिस लूमिस यांचा नव्हे.

वेस्ट फॅरिंग्डन, मंगळवार, दिनांक १४ एप्रिल १८९६.

(सही) अल्वा थॅडियस पेनिमन

साक्षीदार: कॅलेब रूट, औषधविक्रेता. सायलस ट्रेडवे, निवृत्त टपालमास्तर. हॅरिएट लूमिस, शिक्षिका.

सोबत जोडलेले: पुस्तिकेतील तारखांची दुरुस्ती.

झडपेची कल्पना. पुस्तिकेत रविवार, १४ जानेवारी १८६७. असा रविवार झाला नाही. पहिले पाते गुरुवार, ७ मार्च १८६७ रोजी दाखवले गेले, टिमथी गॅफनीकडून.

पेटंट. पुस्तिकेत शुक्रवार, २५ ऑक्टोबर १८६७. पेटंटे मंगळवारी निघतात. मंगळवार, २२ ऑक्टोबर.

गॅफनीची बडतर्फी. पुस्तिकेत जून १८६६, मद्यपानामुळे. सोमवार, २८ ऑक्टोबर १८६७, प्रश्न विचारल्यामुळे.

गॅफनीचा मृत्यू. पुस्तिकेत उल्लेख नाही. गुरुवार, ९ फेब्रुवारी १८७१, फुप्फुसाच्या विकाराने. कंपनीतून कोणी गेले नाही. मीही गेलो नाही.

प्रतिकृती मिस गॅफनी हिच्या हाती. कलम सहाव्यानुसार माझ्या मृत्यूनंतर. प्रत्यक्षात आज, १४ एप्रिल १८९६, सकाळी साडेदहा वाजता. तिने स्क्रू स्वतः काढले.

माझी खरी साक्ष. देय तारीख शनिवार, १८ मे १८६७. दिल्याची तारीख वरीलप्रमाणे.