मोंतेरेतली वाफ

प्रिय वानयिंग,

फोन असताना म्हातारीला पत्राचं काय सुचलं, असं म्हणशील. सांगते, पण दमानं. तिसरीत शाळा सुटलेल्या बाईचं पत्र आहे, अक्षरं डुलतील. तुझी आई शनिवारी निघतेय. तिच्या पिशवीत आलं, तांबडी साखर, सुकी लाल बोरं आणि हे पत्र.

तुझे आजोबा गल्लीभर बाळ झाल्याची लाल अंडी वाटत सुटलेत. शेजारची हू काकू नाक मुरडून म्हणाली, "मुलगीच ना?" आजोबा म्हणाले, "मुलगीच! आणि तिचं रडणं मेक्सिकोहून इथवर ऐकू येतं. तुझा मुलगा पलीकडच्या खोलीतून हाक मारतो, ती तरी तुला ऐकू येते का?" काकूनं अंडं मात्र सोडलं नाही. दोन घेतली.

अगं, मी इथे योंगकांगच्या कारखान्यात थर्मासच्या झाकणांना रबराची कडी बसवायची, तेव्हा माल आपला चीनचा आणि बाहेरदेशी त्यावर नाव भलत्याचंच. म्हणून कंपनीनं तुम्हा नवराबायकोला तिकडे मोंतेरेत आपल्या नावाचं दुकान थाटायला पाठवलं, तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. आणि पहिले दोन महिने एक थर्मास खपेना! दारावर पाटी काय, तर 'सकाळी ओतलेलं पाणी रात्रीही वाफाळतं'. लोक वाचायचे आणि हसत पुढे जायचे. शेवटी दुकानात कामाला ठेवलेली तुझी ओफेलियाबाईच म्हणाली ना, "पोरी, या गावात आम्हीच उकडतोय, वाफ कुणाला विकतेस?" तिनं एका थर्मासात बर्फ भरला, भर उन्हात दाराशी ठेवला आणि संध्याकाळी येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानाशी खळखळ वाजवला. झालं, रांग लागली.

इकडे ते कळलं तेव्हा आजोबा जेवले नाहीत. "बर्फ? आपल्या थर्मासात?" जणू कुणी देव्हाऱ्यात चपला ठेवल्या. मी त्यांना म्हटलं, विकलं जातंय ना, मग त्यात बेडूक पाळू देत.

पण खरं सांगू? तुला दिवस गेले आणि तोच बर्फ माझ्या छातीवर बसला. बाळंतिणीनं महिनाभर गार पाण्याला शिवायचं नसतं, आणि तू अशा मुलखात, जिथे पाणी मागितलं की बर्फच पुढे येतो. तू भर दुपारी गरम पाणी प्यायचीस तर ती ओफेलिया म्हणे चिडवायची, "पोटात अंडी उकडतेस का गं?" मी तुझ्या आईला म्हणायची, ही बाई हसतेय, हिच्या भरवशावर पोर कशी टाकायची? आईनं तिकीट काढलं, तर तुझं बाळ दोन आठवडे आधीच निघालं. नातजावई बंदरावर माल सोडवायला गेलेला. तुझ्याजवळ कोण, तर तीच.

त्या दिवशी फोनवर तुझा पांढराफटक चेहरा दिसला आणि उशाशी दवाखान्यातला बर्फाचा पेला. मी ओरडले, "ते नको! गरम द्या, गरम!" माझी बोली तिला काय कळणार? ती माझ्याकडे बघत राहिली आणि उठून निघूनच गेली. मला वाटलं, म्हातारीच्या आरड्याला कंटाळली. तू डोळे मिटलेले.

मग ती आली. हातात दुकानाच्या दारातला तोच बर्फाचा थर्मास. झाकण काढलं आणि माझा फोन एकदम पांढरा झाला. मी किंचाळले, "गेला! फोन गेला!" आजोबा धावत आले. एवढ्यात एक जाडजूड बोट आलं, त्यानं काच पुसली, आणि मला तू दिसलीस, घोट घोट पिताना. वाफ होती गं ती. आपल्या थर्मासची. माझा जीव तेव्हा भांड्यात पडला, आणि मी इतकी रडले की आजोबांना वाटलं काहीतरी वाईटच झालं.

आता पत्राचं कारण. फोनवर मी नुसतीच रडेन, म्हणून लिहिलंय. हे तुझ्यासाठी नाही, ओफेलियाबाईसाठी आहे. तिच्या भाषेत तिला वाचून दाखव, काकूच्या अंड्यांसकट. सांग, योंगकांगच्या म्हातारीनं तुला वाकून नमस्कार केलाय. दुकानात खुशाल बर्फ विक, आजोबांना मी बघून घेईन. आणि वानयिंग, बाळ बोलायला लागलं की ओफेलियालाही आजी म्हणू दे. तुझ्या आईला राग येईल. येऊ दे, तिला गरम पाणी पाज.

तुझीच,
निवांत झोपणारी आजी