सतरा नंबरची चिठ्ठी

बाई, तुमच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडताना टण्णकन आवाज व्हायचा आणि अख्खा चौथीचा वर्ग गप्प व्हायचा. अजूनही स्वयंपाकघरात कुणी डबा उघडला की माझी पाठ आपोआप ताठ होते. त्या डब्यात चिठ्ठ्या असत. प्रत्येक मुलाची एक कविता, प्रत्येक कवितेची एक चिठ्ठी. तिच्यावर इयत्ता, हजेरीचा नंबर अक्षरी, चाल आणि शेरा. कवितेचं नाव तुम्ही कधी लिहिलं नाही. "ते मुलाच्या तोंडात पाहिजे," म्हणायच्या. न अडखळता म्हटली की शेऱ्यात "दिली" असं लिहायचं, आणि मग ती कविता जन्मभर त्या मुलाची. तोवर दुसऱ्या कुणी ती म्हणायची नाही, हा तुमचाच कायदा.

शाळा तपासायला साहेब आले तो दिवस मला आत्ता समोर दिसतो आहे. मी उभा आहे, सतरा नंबर. तोंडून शब्द निघत नाही. मागून अठरा नंबर कुजबुजून राहिला, "अबे, बोल ना बे!" साहेब घड्याळ बघतात. आणि तुम्ही म्हणता, "बस खाली, सतरा. उसनी आणली होतीस का कविता?" वर्ग खो खो हसला. दुसऱ्या दिवशी मी पोटदुखीचं सोंग करून घरी राहिलो, त्याच आठवड्यात वडिलांची बदली झाली आणि काटोल सुटलं. तुम्ही माझी चिठ्ठी फाडली असणार, हे मी साठ वर्षं धरून चाललो. पुढे कविता पुष्कळ पाठ केल्या; माझी म्हणावी अशी एकही नाही.

तुम्ही गेल्यावर तुमच्या भाचीने डबा मला आणून दिला तेव्हा माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. म्हणून नातीने कॉम्प्युटरवर घरच्यापुरता एक विकी, म्हणजे नोंदींची वही, केला. एका चिठ्ठीचं एक पान, पानावर तुमचेच चार रकाने. सगळं तिनेच भरलं. डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर मी शोधाच्या चौकटीत "सतरा" लिहिलं. काही नाही. तीनदा लिहिलं. म्हटलं, फाडलीच.

"आजोबा, तिथं काहून शोधून राहिले?" नात हसली. "ते फक्त मजकुरात पाहते. तुमच्या बाईंनी मजकूर लिहिलाच कुठं? सगळं रकान्यांत आहे. फिल्टर लावा लागते."

तिने लावला: इयत्ता चौथी, नंबर सतरा. पानं भराभर उतरली. दर सालचा एक सतरा, आणि जो दिसला त्याच्यापुढे "दिली". माझ्या जागेवर किती जण बसले, बाई, आणि आपापली कविता घेऊन गेले! "ह्यात मी नाही," मी म्हटलं.

"मग उलटं विचारू. ज्याच्या शेऱ्यात 'दिली' नाही, तेवढंच दाखव म्हणू."

एकच पान उरलं. चालीचा रकाना मोकळा. शेरा: "उद्या पुन्हा विचारणे."

डब्यातून ती चिठ्ठी शोधून काढली. निळ्या पेन्सिलीचं तुमचं अक्षर, कुठे खोडलेलं नाही. तो उद्या मी तुम्हाला दिलाच नाही. नागपुरात सगळी नोकरी झाली, काटोलची बस रोज डोळ्यांदेखत सुटायची. एकदाही चढलो नाही.

आता हे पोस्टात टाकता येणार नाही, म्हणून कबूल करून टाकतो. त्या दिवशी मी कविता विसरलो नव्हतो. आदल्या दिवशी मला उशीर झाला होता, आणि दाराबाहेरून मी ऐकलं, तुम्ही ती अठराकडून म्हणवून घेत होतात. माझी चिठ्ठी, अन् त्याचा आवाज. आवाजही मेल्याचा गोड. मी रुसलो होतो, बाई. एवढंच.

आज त्या पानापुढे बसून ती म्हटली. शब्द सगळे आले, चाल गेली. बातम्या वाचल्यासारखं वाटलं. नात विचारते, शेऱ्यात काय लिहू? म्हटलं, राहू दे अजून.

हा कागद घडी करून डब्यात त्या चिठ्ठीखाली ठेवणार होतो. पण नात दारातून हाक मारून राहिली: "आजोबा, काटोलहून कोणी म्हातारे आले आहेत. बाईंच्या भाचीनं पत्ता दिला म्हणतात. नाव नाही सांगत. म्हणतात, सतराले सांग, अठरा आला."