रंग बोलून लावायचे

दादा, आज माझ्या पालेगावच्या वर्कशॉपमध्ये एका नव्या मुलीनं सगळ्यांसमोर विचारलं, "सेठ, प्रत्येक टेबलावर मोजायला मीटर आहे, मग रेझिस्टरवरच्या पट्ट्यांचे रंग ओरडायचे कशाला? डोकं उठतं." मी हसून "पद्धत आहे आपली" म्हटलं आणि केबिनमध्ये येऊन बसलो. काचेपलीकडून आवाज येतोच आहे. एकजण पट्टे वाचतो, "तपकिरी, काळा, लाल"; समोरचा त्यावरून "एक हजार ओहम" म्हणतो आणि मगच सोल्डर मारतो.

उल्हासनगरला तुमच्या स्टॅबिलायझरच्या वर्कशॉपमध्ये कामाला आलो तेव्हा अंबरनाथची कंपनी बंद पडलेली, बेलवलीत भाड्याची खोली, बायकोला दिवस गेलेले. बिघडलेला स्टॅबिलायझर चालू करून नुसत्या गुणगुणीवरून मी त्याचं दुखणं सांगायचो. तुम्ही गिऱ्हाइकाला म्हणायचात, "मैं इसके कान को पगार देता हूँ." पण लाल आणि हिरवा मला सारखाच दिसतो, हे तोवर मलाही धड ठाऊक नव्हतं. कंपनीत वायर गुंडाळायचं काम, तिथे रंगाशी संबंधच आला नाही.

मग तो दिवस. मी लावलेले बोर्ड टेबलावर मांडलेत आणि एकाचाही रिले टक म्हणत नाही. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून बघता. तिसरा पट्टा लाल हवा तिथे हिरवा. हजार ओहमच्या जागी मी दहा लाखांचा रेझिस्टर लावलाय. तुम्ही दोन रेझिस्टर तळहातावर ठेवता. "इसमें लाल कौनसा?" मी बोट ठेवतो. तुम्ही मूठ मिटून हलवता, पुन्हा उघडता, पुन्हा तेच विचारता. या वेळी माझं बोट चुकतं. नोकरी गेली, आता घरी काय सांगायचं ते मी मनात जुळवतोय. "जा, चाय पी के आ," एवढंच म्हणता.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना हुकूम सुटला. "जोडी में बैठने का. एक रंग बोलेगा, दूसरा वैल्यू बोलेगा, फिर लगेगा." तुमच्याकडच्या सगळ्यात जुन्या बाई फणकारल्या, "ही काय शाळा आहे का, दादा?"

"स्कूल में फी भरते हैं, इधर पगार मिलता है. बोलो."

त्याच बाईंना तुम्ही माझ्यासमोर बसवलंत. त्या पट्टे वाचून रेझिस्टर हातात द्यायच्या, मी व्हॅल्यू बोलून लावायचो. नियम सगळ्यांना, म्हणून बोट कुणाकडेच नाही. मी स्वतःचं वर्कशॉप काढलं तेही त्याच नियमावर, आणि तो कुणासाठी निघाला होता हे तुम्ही जाईपर्यंत एकदाही बोलला नाहीत.

त्या दिवाळीला सगळ्यांना चौकड्यांचे रंगीत शर्ट दिलेत, मला एकट्याला पांढरा. उरलासुरला दिला असं वाटून मी तो घडीसकट पेटीत टाकला. पहिल्यांदा अंगात घातला तो तुम्हाला खांदा द्यायला. मुद्दाम दिला होतात का, ते विचारायचं राहिलं.

मघाशी त्या पोरीला खरं सांगायला उठलो होतो, पुन्हा बसलो. सांगितलं, तर उद्यापासून सगळे मला जपायला लागतील, आणि तुम्ही जपलंत ते मला कळू न देता. उद्या तिच्यासमोर मीच बसणार आहे. ती रंग बोलेल, मी व्हॅल्यू. तिला आपणहून कळलं तर कळू दे.

हे पाठवायला पत्ता नाही, तेव्हा एक सांगून टाकतो. मी रोज पांढरा शर्ट घालतो. लोक म्हणतात, सेठ एवढा मोठा झाला पण राहणी साधी. खरं तर दादा, कापडाच्या दुकानात दुसऱ्या रंगाला हात लावायचा मला धीरच होत नाही.