बाबांच्या खोलीतलं गवत

२ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

नवं घर लावून झालं एकदाचं. बाबांना तळमजल्यावरची खिडकीची खोली दिली आहे. त्यांची उजवी बाजू अजून हलत नाही, पण जीभ शाबूत आहे. काल मला विचारत होते, हा चहा आहे की कप विसळलेलं पाणी? पुढच्या खोलीत तुझ्या भावोजींची पुस्तकबांधणी, पुस्तकं दाबायचा त्यांचा तो लोखंडी शिकंजा आणि खळीचा वास. वर एक सुईणबाई भाड्याने राहतात. समोरच्या रंगारीकाकांशी यांची पहिल्याच दिवशी गट्टी जमली.

एकच कटकट आहे. बाबांच्या पलंगाखाली फरशीच्या सांध्यांतून गवताचे कोंब येतात. उपटले की आठ दिवसांत पुन्हा हजर! काडी तीन धारांची आहे. एक मुळासकट पाठवते. तू दिवसभर नदीकाठच्या चिखलात चौकट टाकून गवतं मोजतेस, तेव्हा हे तुझ्याच गणगोतातलं असणार. कसं मारायचं तेवढं कळव.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझी ताई


६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

थट्टा बाजूला ठेव आणि हे नीट वाच. तुझ्या काडीच्या मुळाशी सुपारीएवढा काळा कंद आहे. हे अंगणातलं गवत नव्हे, पाणथळीतलं आहे.

पुराचं पाणी पसरतं ती जमीन मी रोज पायाखाली घालते. खोल डबक्यात कमळं, त्यांच्या काठाने पाणकणसं, मग हे तीनधारी, मग मऊ चराऊ गवत आणि सगळ्यांत वर झाडं. कुणी मनाला येईल तिथे उगवत नाही. वर्षातून जितके दिवस पाणी थांबतं, तसं तिथलं गवत. तुमची वसाहत भराव टाकून बांधलेली दिसते. हे कंद खाली वर्षानुवर्षं दडून राहतात आणि ओल पोचली की वर येतात. म्हणजे बाबांच्या पलंगाखाली पाणी आत्ताच चढतं आहे.

घरामागे जुनी झाडं असतील तर खोडं बघ. पुरात उभ्या राहिलेल्या काही झाडांना पाण्याच्या उंचीवर दाढीसारखी मुळं फुटतात. ती किती उंच आहेत ते मोजून लगेच कळव. इथे नदी रोज वीतभर चढते आहे. ताई, मला फार भीती वाटते.

बाबांना नमस्कार. माझ्यावर रागाव, पण ऐक.
तुझी धाकटी


११ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मोजलं नसतं तर बरं झालं असतं. मागे तीन जुनी झाडं आहेत, तिन्हींना वाळलेल्या तपकिरी दाढ्या. फीत लावली आणि तीच फीत आत आणून बाबांच्या भिंतीला धरली. खिडकीच्या वर चार बोटं!

यांनी तुझं पत्र रंगारीकाकांना मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाले, मेहुणीबाईंचं गवत आम्हाला घर सोडायला सांगतंय. काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीही ओशाळून हसले. मग आत आले तर मोरीतून पाणी उलटं गुडगुडत होतं.

सुईणबाई म्हणतात, बाबांना माझ्याकडे वर आणा. जिना अरुंद, सतरा पायऱ्या. हे म्हणतात, चढवताना काही झालं तर जबाबदार कोण? बाबा म्हणतात, मला पोत्यासारखं उचलायचं नाही. उत्तराची वाट बघत बसण्याइतका धीर मला नाही.

आठवण ठेव.
तुझी ताई


१९ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या ताईच्या मनगटाला फळी बांधली आहे, म्हणून मी लिहितो. आधी एवढं वाच: बाबा, ताई, सुईणबाई आणि मी जिवंत आहोत.

तेरा तारखेला सकाळी मी कागद आणायला गेलो, तेवढ्यात तिने आणि सुईणबाईंनी बाबांना चादरीत गुंडाळून एकेक पायरी करत वर नेलं. परत आल्यावर मी बाबांदेखत तिला नको नको ते बोललो आणि पाय आपटत खाली कामाला बसलो.

दुपारी तीनच्या सुमाराला पाणी आलं. दारातून नाही, फरशीतून आलं. सांधे फुटून घोट्याला लागलं, बघता बघता गुडघ्याला. मी वेड्यासारखा शिकंजा उचलायला धावलो. ताई जिन्यावरून किंचाळली म्हणून वळलो. पाचव्या पायरीवर पोचेपर्यंत बाबांचा पलंग तरंगत होता. तिने मला ओढून घेतलं, त्यात तिचं मनगट गेलं.

वरच्या खिडकीतून रंगारीकाका दिसले. आपल्या दारात छातीभर पाण्यात, चौकट धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून हात वर केला. काय करू, असंच विचारत होते. मग पाण्याबरोबर एक दार वाहत आलं आणि ते दिसेनासे झाले. आज सहा दिवस झाले, सापडलेले नाहीत. त्यांना मी हसवलं होतं, धाकटे.

वरच्या अंगाच्या दोन गल्ल्या अजून कोरड्या आहेत, पण नदी पुन्हा चढते आहे आणि त्यांच्या मागच्या झाडांनाही दाढ्या आहेत. तुझं पत्र मी तिथे घरोघर वाचून दाखवतो. काल एक माणूस खो खो हसला आणि बायकोलाही ऐकायला बोलावलं. त्याची म्हातारी आई आत जमिनीवर गादी घालून झोपली होती. मी त्याच्या पायरीवर बसून राहिलो. तो जा म्हणाला, तरी उठलो नाही. हे पत्रही तिथेच बसून लिहितो आहे.

माझ्यावर लोभ उरला असेल, तर तेवढा तरी राहू दे.
तुझा भावोजी