चांदनीच्या रानातलं गोड

सिंधीपुरा, बऱ्हाणपूर
चैत्र वद्य पंचमी, शुक्रवार, सन १९५७

चिरंजीव सुधाकर आणि सौभाग्यवती मालती यांना मायचे पोटभर आशीर्वाद.

इकडे मी, तुमची लेक कुसुम, गाय आणि गाईची नवी कालवड अशा सगळ्या बायका खुशाल आहोत. तिकडे भोपाळात तुमच्या बराकीत नळाला पाणी येऊ लागलं का, ते आधी कळव. अक्षर पाहून घाबरू नको, मला काही झालेलं नाही. दर वेळी मी सांगते आणि कुसुम लिहिते. पण आजचं पत्र तिच्याबद्दलच आहे, तर तिलाच कसं लिहायला सांगू? म्हणून ती नदीवर धुणं घेऊन गेली तशी मी दौत घेऊन बसले. बापानं मला दुसरीपर्यंत शाळेत घातलं होतं, तिसरीच्या आत लगन लागलं. कुठे काना-मात्रा राहिली तर तुझ्या पदरची घाल. एवढा शिकवला तो कशासाठी?

तुझं पत्र मिळालं होतं. तू लिहिलंस, माय, भाईदासमामाला घेऊन चांदनीला जा, त्या नाकेदाराचं घर पाहून घे आणि सरळ नाही म्हणून ये. जंगलखात्यातला गार्ड, रानातल्या चौकीवर राहणारा, तिथे आपली पोर द्यायची नाही. इथे आमच्या हेडबाबूंचा मुलगा आहे, कुसुमला वैशाखात इकडे पाठवून दे. कुसुमनंच ते मला वाचून दाखवलं. शेवटी शेवटी तिचा आवाज बारीक झाला होता. पण ते असो.

तर मंगळवारी आम्ही गेलो आणि घर पाहून आलो. आता सगळं ओळीनं सांगते. तू लहानपणी गोष्ट ऐकताना 'पुढे काय, पुढे काय' करायचास, तसं करू नको.

भाईदास पहाटेच आला. धोतर असं कडक की बसताना आवाज झाला. मी म्हटलं, "तू नवरदेव आहेस का रे?" तर म्हणतो, "अक्का, नाही म्हणायला जायचं तर जास्त चांगलं कापड पाहिजे. हो म्हणायला फाटकं चालतं." टेसनावर तिकीटबाबूनं सुटे म्हणून ते या महिन्यात निघालेले नवे पैसे दिले. भाईदास एकेक पैसा उन्हात धरून बघत बसला, गाडी आली तरी बघतोच आहे. म्हणे सरकार बदललं की पैसा लहान होतो. त्याची मोठी पोरगी रावेरला दिलेली, रावेर मुंबई राज्यात. तो सगळ्या डब्याला सांगत होता की माझी पोर परदेशात आहे, पण केळी तिकडेही अशीच लागतात.

चांदनीला गजानन गाडी-बैल घेऊन उभा होता. गजानन म्हणजे तोच नाकेदार. तो आणि त्याची माय सरुबाई दोघंच असतात. त्यांनी संक्रांतीला राजघाटावर कुसुमला पाहिलं होतं. आम्ही अंघोळीला गेलो होतो, सरुबाईचा पाय शेवाळावर घसरला, कुसुमनं तिला धरलं. तिथून हे सगळं सुरू झालं. मुलगा सावळा आहे, उंच आहे, हसताना खाली बघतो. मला 'आजी' म्हणाला आणि गाडीत माझ्याखाली घोंगडी घातली. भाईदासच्या खाली नाही घातली. भाईदासनं ते मनात ठेवलंय.

सुधाकर, जंगल पाहिलंस का तू कधी? आगगाडीतून नाही, आत जाऊन? मला वाटलं होतं अंधार असेल, भीती असेल. अरे, चैत्रातलं रान म्हणजे लख्ख उजेड! सलईच्या झाडांवर एक पान नव्हतं, तरी ती उभी अशी की आत्ताच न्हाऊन आली. तिची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटते. मी हात लावला तर हाताला देवघरासारखा वास लागला, दुसऱ्या दिवशी भाकरी थापेपर्यंत राहिला. अंजनाला नवी पालवी फुटलेली, तांब्याच्या रंगाची. एकेक पान मधून दुभंगलेलं, थेट गाईचा खूर. मोहाखाली फुलं पडली होती आणि गाडीचे बैल तिथे मुद्दाम हळू चालत होते. मी म्हटलं, "यांना पण कळतं की."

गजानन म्हणाला, ही सलई नेपानगरच्या कारखान्यात जाते, तिचा कागद होतो, त्यावर बातम्या छापतात. म्हणजे बघ, तू हापिसात पेपर तोंडापुढे धरून बसतोस ना, ते चांदनीचं झाड धरून बसतोस. झाड चालतं, झाडाशेजारचा जावई चालत नाही.

हे आधी लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं. शाई खोडायला मला येत नाही.

घर सांगते. दोन खोल्या, कौलं, सारवलेलं अंगण, विहिरीला रहाट. सरुबाईचा उजवा हात गळ्यात बांधलेला, मनगट मुरगळलंय. मला वाटलं आता आमच्या पोटाचं काय? तर गजानन हातपाय धुऊन चुलीपुढे बसला आणि भाकरी थापायला लागला! एक भाकरी गोल नाही. भाईदास म्हणाला, "ही तर नव्या राज्याच्या नकाशासारखी झाली, कुठून सुरू होते कळत नाही." सरुबाई म्हणाली, "पाव्हणं, खाऊन टाका, म्हणजे हद्दीचा वाद मिटला." पोरगा हसला आणि पुढची थापायला घेतली. लाजला नाही, मायवर चिडला नाही. तुझ्या बापानं जन्मात चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं नाही, देव त्यांना सुखी ठेवो. तू तरी कुठे सरकवतोस? मालतीला विचार.

भाईदासनं विचारलं, "वाघ येतो का इथं?"

सरुबाई म्हणाली, "येतो ना. पाणी पितो, जातो. पाव्हण्यासारखा जेवायला थांबत नाही."

आता आपली रीत तुला माहीत आहेच, पण मालती नागपूरकडची म्हणून लिहिते. मुलाचं घर पाहायला गेलं तर मीठ-भाकरी खावी, पाणी प्यावं, पण गोड तोंडात घालू नये. गोड खाल्लं की सोयरीक पक्की झाली, मग मागे फिरता येत नाही. सरुबाईनं गुळाची लापशी पुढे केली. मी ताटावर हात आडवा धरला. म्हटलं, "पोट भरलं, माय." तिचं तोंड उतरलं. तुझ्या सांगण्यात मी इथपर्यंत काडीची चूक केली नाही, भाईदास साक्षीला आहे.

उन्हं कलल्यावर गजानन म्हणाला, चला आजी, नाला दाखवतो. सगळेच निघालो. आणि वाटेत टेंभुर्णी! जिच्या पानांच्या विड्या वळतात तीच. झाडाखाली पिवळीजर्द टेंभरं पडलेली. अरे, माहेर सुटलं तेव्हापासून मी टेंभरू पाहिलं नव्हतं. आम्ही पोरी ओटी भरभरून आणायचो, माय ओरडायची, लुगड्याला डाग पडतात म्हणून. मला कुठलं भान राहतं? उचललं, पुसलं, खाल्लं. चिक्कूहून गोड, बघ.

सरुबाईनं डाव्या हातानं टाळी मारली, माझ्या खांद्यावर. "ईहीनबाई! गोड खाल्लं!"

मी म्हटलं, "घरात कुठे खाल्लं? हे तर रान."

"आमचं घर त्या दोन खोल्या थोडंच आहे? हे सगळं आमचं अंगण. अंगणातलं गोड खाल्लं!"

भाईदास माझ्या कानात ओरडला, "अक्का, थुंक! थुंकून टाक!"

मी बियांसकट गिळलं होतं.

आता ऐक. गजानन पुढे आला, मायला म्हणाला, "माय, असं फसवून नको. आजींनी सहज खाल्लं, ते धरायचं नाही." मग माझ्याकडे वळला. "आजी, तुम्ही मोकळ्या आहात. इथे शेजार नाही, बाजार लांब आहे. राहायचं तिला आहे. तिला कोणी विचारलं का?"

सुधाकर, मी उभीच राहिले. दोन वर्षं आपण तिच्यासाठी स्थळं पाहतोय. तू विचारलंस मुलाचा पगार किती, मालतीनं विचारलं घरात नणदा किती, मी विचारलं गोत्र कोणतं. कुसुमला काय पाहिजे ते रानातल्या या पोरानं विचारलं, आणि तेही स्वतःचं लगन मोडत असताना.

भाईदास म्हणाला, "झालं तर मग. मोकळं केलं त्यांनी. चल अक्का, गाडी चुकेल."

मी खाली वाकले आणि दुसरं टेंभरू उचललं. सगळ्यांच्या देखत, नीट पुसून, हळूहळू खाल्लं. आणि गजाननला म्हटलं, "विचारूनच आले आहे."

आता राहिलेलं लिहिते. पहाटे कुसुम माझी शिदोरी बांधत होती. गाठ मारता मारता, खाली बघूनच बोलली, "मोठी माय, मी तुझ्या आणि दादांच्या शब्दाबाहेर नाही. पण तिथून नाही म्हणून येऊ नको." एवढंच. कधी तोंड न उघडणारी पोर ती! मी चपला उलट्या घालून टेसनापर्यंत गेले. तेव्हा सुधाकर, मी घर पाहायला गेले ते तुझ्या सांगण्यावरून, पण डोळे तिचे घेऊन गेले. घर वाईट निघालं असतं तर तिच्यासाठीसुद्धा नाही म्हटलं असतं. ते वाईट निघालं नाही.

परत आले तेव्हा तिनं पाणी दिलं. मुलगा कसा आहे विचारलं नाही. विचारलं, "जंगल कसं आहे?" मी म्हटलं, "गोड." ती गोठ्यात गेली ती कितीतरी वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे लाल आणि हसतेय. कालवडीनं शिंग मारलं म्हणे. त्या कालवडीला अजून शिंगं फुटायची आहेत.

हेडबाबूंची अडचण मला कळते. रोज त्यांच्यासमोर बसायचं तुला. त्यांना सांग, माझी म्हातारी माय अडाणी आहे, तिनं परस्पर शब्द देऊन टाकला, आणि आमच्याकडे मायचा शब्द मोडत नाहीत. सगळा दोष माझ्यावर ढकल. भोपाळात मला कोण ओळखतं?

आखाजीला, मालतीकडच्या अक्षय तृतीयेला, साखरपुड्याचं कुंकू लावायचं ठरवलं आहे. सगळ्या गावच्या लेकी माहेरी येतात, तुम्ही दोघं बाप-माय म्हणून या. साहेबाकडे आजच अर्ज दे. तू रागावून नाही आलास तर भाईदास पाटावर बसेल, काम अडणार नाही. पण पोरीचं लक्ष कुंकवाकडे राहणार नाही, दाराकडे राहील, आणि ते मला बघवणार नाही. राग असेल तर घेऊन ये, माझ्यावर काढ, मी पुरून उरेन. तिच्यापुढे मात्र हसऱ्या तोंडानं उभा राहा.

धुणं घेऊन ती येतेय, बादलीचा आवाज आला. पुरे करते.

तुझी माय, आणि आता चांदनीच्या नाकेदाराची आजेसासू,
मनकर्णा