डावखुरीचा गुडघा

४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला तो आळसामुळे नव्हे, किळस आल्यामुळे. सध्या रोज उठून मला कशाची ना कशाची किळस येते, आणि ऐकणारं घरात एकच माणूस. तुझी भावजय आता सरळ सांगते की ताईंना लिहा, त्यांनी नोकरीभर लोकांच्या जखमा धुतल्या आहेत, त्यांना चालेल.

तर ऐक. मेअखेर मी सुटतोय. बत्तीस वर्षं एकाच कॉलेजात मुलींना फुटबॉल शिकवला, आणि आता माझा निरोप समारंभ होणार आहे. त्यासाठी पाच जणांची समिती आहे. पाचांपैकी एकाचाही बूट आजवर मैदानावर मळलेला नाही. परवा स्मरणिकेसाठी फोटो काढायचा म्हणून गोलपोस्टना पांढरा रंग फासला. गोलची जाळी मी चार वर्षं अर्ज करून मागत होतो, ती त्या दिवशी सकाळी हजर! फोटो झाला आणि दुपारी जाळी उतरवून नेली. भाड्याची होती म्हणे.

माझ्या जागी जो येणार आहे तो संस्थेच्या अध्यक्षांच्या जावयाचा भाऊ. व्यायामशाळा चालवतो, दंड छान आहेत. मला त्याने अगदी आदराने विचारलं की सर, एका संघात मुली किती असतात? मी अकरा म्हणालो. त्याने ते फोनमध्ये लिहून घेतलं.

सामानाची खोली रिकामी करतोय. कुजलेले मोजे, बुरशी आलेले हातमोजे, उंदरांनी पोखरलेले चेंडू. नाकाला रुमाल बांधून काम करतो, पण खरं सांगू, सभागृहात समितीच्या शेजारी बसण्यापेक्षा ती खोली बरी वाटते.

समितीला माझ्या कारकिर्दीतले मोठे विजय हवे होते. मोठा म्हणावा असा एकच, बावीस वर्षांपूर्वी तुमच्या गावी जिंकलेला कप. मग सगळी स्मरणिका त्यावरच चालली आहे. त्या सामन्यात गोल करणाऱ्या आपल्या डावखुरीलाही भाषणाला बोलावणार आहेत. ती तुमच्याच गावात असते म्हणतात. तुझ्या कानावर कधी आलं होतं का?

तब्येतीचं खरं खरं कळव. आहे तशी माया माझ्यावर राहू दे.

तुझा,
धाकटा

---

११ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले. तू लहानपणीही असाच होतास, दुधावर साय दिसली की घर डोक्यावर घ्यायचास. जाळीचं वाचून मात्र मलाही तिडीक आली. माझं बरं आहे. रक्तदाब आहे, पण तो माझ्यापेक्षा शिस्तीत वागतो.

आता डावखुरीचं. माझ्या कानावर कसं येणार नाही? गेली एकोणीस वर्षं ती आमच्याच हॉस्पिटलात आहे, रुग्णांचे जुने कागद ठेवतात त्या खोलीत. तिच्यासाठी शब्द मीच टाकला होता. तुला बोलले नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. बावीस वर्षांत तू माझ्याकडे सात-आठ वेळा येऊन राहिलास, पण ती मुलगी पुढे काय करते असं एकदाही तुझ्या तोंडून निघालं नाही. मीही म्हटलं, याला नको असेल तर आपण कशाला वाढा.

रविवारी ती घरी आली होती. तुमच्या समितीचं पाकीट घेऊन. आत आमंत्रण, आणि सोबत तिने करायचं भाषण टाईप करून पाठवलेलं. तिचं भाषण, बरं का, पण लिहिलेलं त्यांनी. त्यात असं आहे की अंतिम सामन्याच्या दिवशी गुडघा सुजला होता, सर नको नको म्हणत होते, पण मीच हट्ट धरला आणि कॉलेजसाठी मैदानात उतरले. तिने तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि एवढंच विचारलं, की हे यांना कुणी सांगितलं असेल?

मी माहीत नाही म्हणाले. आता तेच तुला विचारते.

कारण धाकट्या, आदल्या संध्याकाळी तो गुडघा मी पाहिला होता. संघ आमच्याकडेच उतरला होता. तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाय ठेवला होता आणि मी दोन्ही हातांनी चाचपला होता. मी तुला बाजूला घेऊन सांगितलं होतं की ही साधी मुरगळ नाही, आत काहीतरी फाटलंय, उद्या हिला उतरवू नकोस. तू बघू म्हणालास. दुसऱ्या दिवशी मला ड्यूटी होती. संध्याकाळी स्ट्रेचरवरून तिला आमच्याच वॉर्डात आणलं, तेव्हा तू काय पाहिलंस ते मला कळलं.

सौ.ला आशीर्वाद. उत्तर सवडीने नको, लगेच पाठव.

तुझी,
ताई

---

१९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाषण समितीने लिहिलं, मी नाही. त्यांनी कुठून काय उचललं याला मी काय करू? आणि एक सांग, मी तिला ओढत नेलं होतं का? स्वतःच्या पायांनी उतरली. गोलही तिनेच केला. बाकीच्या दहा जणींनी वर्षभर पहाटे उठून घाम गाळला होता, त्यांचाही विचार कुणीतरी करायचा होता. तू टेबलाशी उभी होतीस, मी मैदानाशी. तिथून गोष्टी वेगळ्या दिसतात.

हे एवढं लिहून पत्र दोन दिवस तसंच ठेवलं. आज परत वाचलं आणि शिसारी आली. फाडणार होतो, पण असू दे. मी कसा बोलतो ते तुला कळू दे.

माहिती मीच दिली, ताई. समितीने एक फॉर्म दिला होता, त्यात संस्मरणीय प्रसंग असा रकाना होता. तो मी माझ्या हाताने भरला. भरताना हात अडखळलासुद्धा नाही. कारण ही गोष्ट मी बावीस वर्षं सांगत आलोय. स्टाफरूममध्ये, बक्षीस समारंभात, दरवर्षी नव्या मुलींना पहिल्या दिवशी. सांगून सांगून ती इतकी गुळगुळीत झाली की तीच खरी वाटायला लागली.

खरं असं होतं. सकाळी ती माझ्याकडे आली आणि सर, मी नाही खेळत, पाय टेकवत नाही, असं म्हणाली. मी तिला सगळ्या संघासमोर उभं केलं आणि हे या दहा जणींना तू स्वतः सांग, असं म्हणालो. एकोणीस वर्षांची पोर, काय सांगणार? मग जवळच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून गुडघ्यात इंजेक्शन देवविलं. आणि हे कशासाठी, तर तेव्हा माझी नोकरी तात्पुरती होती. आम्ही निघताना अध्यक्षांनी सांगितलं होतं की कप आणा, तुम्हाला कायम करतो. जुलैत मला कायमचं पत्र मिळालं. तिचा पाय तोवर प्लास्टरमध्ये होता.

काय करावं ते सांग. रागव, पण पत्र थांबवू नकोस.

तुझा,
धाकटा

---

२५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

रागावण्यासारखं काही उरलं असतं तर रागावले असते. पत्र वाचून मी ते ओट्यावर ठेवलं आणि हात धुतले. आयुष्यभराची सवय, घाण काही हाताळली की हात धुवायचे.

कंपाउंडरचं मला माहीत नव्हतं. सुन्न केलेल्या गुडघ्यावर मुलीला धावायला लावलंस! म्हणजे तिला दुखत होतं ती एक सूचनाही तू बंद करून टाकलीस. नर्सचा भाऊ असून.

ती कागदांची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. आमची लिफ्ट महिन्यातले पंधरा दिवस बंद असते. चढताना ती कठड्याला धरून चढते आणि उतरताना उलटी उतरते, तोंड वरच्या पायऱ्यांकडे करून. नवी माणसं हसतात, जुनी वाट सोडून उभी राहतात. तिने कधी कुणाकडे तक्रार केलेली नाही, म्हणून मीच सांगते.

काय करू विचारतोस. मी काय सांगणार, तुझं वय साठ आहे. तिने मात्र ठरवलंय. ते टाईप केलेलं भाषण करायचं नाही असं समितीला कळवलं, पण समारंभाला येणार आहे. का, ते मी विचारलं नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आशीर्वाद आहेतच, ते काही मागे घेता येत नाहीत.

ताई

---

२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सगळं आटोपलं. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी लिहितो.

सभागृह भरलं होतं. प्राचार्य बोलले, अध्यक्ष बोलले, जावयाच्या भावाने माझ्याबद्दल दहा मिनिटं माहिती दिली, त्यातली आठ मिनिटं त्याची स्वतःची होती. डावखुरी तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती, पाय बाहेर मोकळा ठेवून. मला ती लगेच ओळखू आली नाही. बावीस वर्षांत मी तिची आठवण हजार वेळा विकली, आणि चेहरा ओळखू आला नाही.

मी लिहून नेलेलं भाषण खिशातून काढलंच नाही. उभा राहिलो आणि सांगून टाकलं. ती नको म्हणाली होती, मी खेळवलं. इंजेक्शनचं सांगितलं, कायमच्या पत्राचं सांगितलं. स्मरणिकेत छापलंय ते खोटं आहे आणि ते मीच पुरवलं, हेही सांगितलं. मला वाटलं आता लोक उठून चालू लागतील.

ताई, लोकांनी टाळ्या वाजवल्या. उभं राहून! अध्यक्षांनी माइक घेतला आणि असा निगर्वी गुरू होणे नाही म्हणाले. प्राचार्यांनी डोळे पुसले. समितीतल्या एकाने कानात सांगितलं की सर, शेवट फारच प्रभावी झाला. मी तिथे हारतुरे घेतल्यासारखा उभा. बत्तीस वर्षांत मैदानावर शिव्या खाल्ल्या, एकदा चप्पलही खाल्ली, पण अंगावर काही इतकं ओशट कधी पडलं नव्हतं.

तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. मी खाली उतरून गर्दीतून तिच्यापर्यंत पोचलो, तर ती उठून दाराकडे निघाली होती. मी वाट अडवून उभा राहिलो. तीच बोलली. शांतपणे, मुलाखतीला आल्यासारखी. म्हणाली, "लोकांना सांगितलंत सर. मला नाही."

आणि सभागृहाच्या पायऱ्या उलटी उतरून गेली. दारात उभा राहून मी ते पाहिलं. एकूण सात पायऱ्या होत्या.

घरी आलो, अंघोळ केली, तरी ओशटपणा जाईना. तुझ्या भावजयीने कागद आणि पेन आणून ठेवलं. डावखुरीला कालच पत्र लिहिलं, चार पानं. हॉस्पिटलच्या पत्त्यावर पाठवलंय. वरपर्यंत पोचेल ना, तेवढं बघ.

तुला तोंड दाखवायला येईन म्हणतो. दार उघडशील एवढा लोभ ठेव.

तुझा,
धाकटा

---

१४ जून

सरांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. ताईंनी स्वतः वर आणून दिलं. एकदा खोलीत वाचलं, एकदा घरी.

सकाळचा प्रसंग आपण लिहिला आहे तसाच घडला. इंजेक्शनचंही बरोबर आहे. आपल्या नोकरीचं मला ठाऊक नव्हतं. ते आधी कळलं असतं तर इतकी वर्षं मी स्वतःला भित्री म्हणत बसले नसते. मी नको म्हणाले आणि तरी उतरले, म्हणजे चूक माझीच, असं मला वाटत होतं. एवढ्यासाठी आपले आभार मानते. बाकी क्षमेचं आत्ता विचारू नये.

पण सर, पत्र अपुरं आहे. मी दोनदा नको म्हणाले होते.

मध्यंतरात मी बाकावर बसून डावा बूट काढला होता. पाय खाली टेकवत नव्हता. आता मी उठणार नाही, असं मी आपल्याला स्पष्ट म्हणाले होते. आपण ओरडला नाहीत. आपण माझ्यासमोर गुडघे टेकून बसलात, बूट परत माझ्या पायात चढवलात आणि नाडी बांधलीत. दुहेरी गाठ मारलीत. मला तेव्हा भरून आलं होतं, कारण माझ्यासाठी कुणी असं खाली बसलं नव्हतं. म्हणून मी उठले.

चार पानांत ते कुठेच नाही. विसरला असाल तर आठवा, आणि टाळलं असेल तर लिहा. ते पत्र आलं की पुढचं उत्तर देईन.

सौ. बाईंना नमस्कार.

आपल्या संघातली,
डावखुरी